पश्चिमेची भिंत

श्वेताचा फोन यायचा तो पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी सकाळी. जेवले का, तब्येत कशी आहे, गोळ्या घेता ना, बरं ठेवते. एवढंच. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी एका मंगळवारी भर दुपारी तिचं नाव फोनवर दिसलं, तेव्हा वामनराव तितरमारे खाटेवरून उठूनच बसले.

"काय झालं वं? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. बाबा, तुम्ही ते इन्सुलेशनचं काम अजून करता का? भिंतीचं?"

"भिंतीचं नाही. पाइपाचं, बॉयलरचं करत होतो. पण भिंत काय आन पाइप काय. काहून विचारून राहिली?"

मग तिने सांगितलं. नागपूरच्या नंदनवनातला त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यात वरचा. बेडरूमची मोठी भिंत पश्चिमेला. दुपारी दोनपासून ऊन जे तिच्यावर चढतं ते मावळेपर्यंत उतरत नाही, आणि ऊन गेल्यावरही भिंत रात्रभर आग ओकत राहते. एसी नुसता घरघर करतो. छोट्या रितिकाच्या अंगावर घामोळ्या उठल्यात, ती हॉलमध्ये झोपते. एका कंपनीचा माणूस येऊन भिंत पाहून गेला, पण आता सीझनमध्ये जमणार नाही, पावसाळ्यानंतर बघू म्हणाला.

"ऋषिकेश म्हणाले, तुमच्या बाबांना विचारून तर पाहा."

ऋषिकेश म्हणजे जावई. म्हणजे विचारायचं त्याच्या डोक्यात आलं, हे वामनरावांच्या ध्यानात आलं. तरी ते म्हणाले, "करून देतो ना. त्यात काय! सामान काय काय लागते ते लिहून घे."

वामनरावांचं वय बासष्ट. नागपूरजवळ मौद्यात दोन खोल्यांचं घर, मागे थोडं अंगण. शेती होती ती धाकट्या भावाकडे. वामनरावांनी बाविसाव्या वर्षी औत सोडलं आणि नागपूरच्या एका ठेकेदाराकडे लागले. वीज केंद्रातल्या वाफेच्या पाइपांना रॉकवूल गुंडाळायचं काम. दगड वितळवून काढलेली ती लोकर. दिसायला मऊ, पण तिचा बारीक धागा कातडीत शिरला की दोन-दोन दिवस टोचतो. लोकरीवर जाळी, जाळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा. आतून पाचशे डिग्रीची वाफ धावते आणि बाहेरून पत्र्यावर तळहात ठेवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, मग काम पास. वामनरावांच्या पाइपावर लोक वीस मोजत. कोराडी, चंद्रपूर, कोरबा, सिंगरौली, जिथे नवं युनिट उभं राहील तिथे ते जात. सहा महिने तिकडे, पंधरा दिवस घरी. अडतीस वर्षं हेच. मौद्याला प्रकल्प आला आणि घराजवळ काम मिळालं, तेव्हा श्वेता शिकायला नागपुरात राहायला गेली होती. तिथूनच तिचं लग्न झालं.

ती लहान होती तेव्हाची गोष्ट वेगळी. वामनराव कोराडीला असत, दर शनिवारी घरी येत. बायको सुभद्रा दारातच अडवायची. त्यांच्या कपड्यांची बादली वेगळी, दोरी वेगळी. एकदा चुकून सगळे कपडे एकत्र धुतले गेले तर अख्खं घर आठ दिवस खाजवत होतं. श्वेता अडीच-तीन वर्षांची असताना एका शनिवारी ती आईच्या हातातून निसटली आणि धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. वामनरावांनीही उचलून घेतलं. मग त्या इवल्या गालांवर, मानेवर लाल चट्टे उठले. पोरगी रडून रडून काळीनिळी झाली. सुभद्रा रात्रभर खोबरेल तेल लावत बसली, आणि वामनराव अंगणात, जणू काही खून करून आल्यासारखे.

तेव्हापासून त्यांनी सवयच लावून घेतली. पोरगी जवळ आली की एक पाऊल मागे. पुढे पुढे तर पंधरा दिवसांच्या सुट्टीत, अंग धुऊन चार-चार दिवस झाले असले तरी, पाऊल आपोआप मागे जायचं. पोरीनेही मग यायचं सोडलं. आधी धावत यायचं सोडलं, मग दारात यायचं, मग शाळेतून आल्यावर "आले का बाबा" म्हणून विचारायचं. एकेक करून गेलं. कोणाचं भांडण नाही, कोणाचा राग नाही.

दोन वर्षांपूर्वी सुभद्रा तीन दिवसांच्या तापाने गेली. वामनराव तेव्हा पुन्हा सिंगरौलीला होते. गाड्या बदलत ते पोचले तोवर श्वेताने सगळं उरकलं होतं, अग्नीही जावयानेच दिला होता. त्यानंतर वामनरावांनी काम सोडलं. तेव्हापासून मौद्याचं घर, सकाळी चौकातला चहा, संध्याकाळी मारुतीच्या पारावर थोडा वेळ, आणि पंधरा दिवसांनी तो फोन.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी ते अवजारांची पिशवी घेऊन नंदनवनात उतरले. घरची मंडळी निघण्याच्या तयारीतच होती. धूळ उडणार, धागे उडणार, म्हणून तिघंही आठ दिवस उमरेडला, ऋषिकेशच्या आईवडिलांकडे चालली होती. दारात बॅगा लागल्या होत्या.

"या मामाजी," ऋषिकेश वाकून पाया पडला. "तुमच्या यादीप्रमाणे सगळं सामान आलं आहे. एकदा पाहून घ्या."

श्वेताने स्वयंपाकघर दाखवलं. कणीक इथे, डाळ-तांदूळ इथे, फ्रिजमध्ये तीन दिवसांची भाजी आहे, कूलरमध्ये पाणी भरावं लागतं, गॅस रात्री बंद करा. ती भरभर बोलत होती आणि बोलताना ओट्याकडे पाहत होती. पाच वर्षांची रितिका आईच्या ओढणीआडून डोळे मोठे करून बघत होती.

"आबाजीला टाटा कर," श्वेता म्हणाली.

रितिकाने हात हलवला. वामनरावांनीही लांबूनच हलवला. दहा मिनिटांत लिफ्टचा दरवाजा बंद झाला आणि घर रिकामं झालं.

लेकीच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण या घरात मुक्काम करायची वामनरावांची ही पहिलीच वेळ. सोफ्यावर बसावं की नाही, असं त्यांना झालं. शेवटी ते बसले नाहीत. सरळ बेडरूममध्ये गेले आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या आकड्याला हात काढावा लागला.

"अबब," ते एकटेच म्हणाले. "इथं लेकरू कसं झोपीन?"

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडल्याबरोबर त्यांनी कपाट ओढून बाजूला केलं, पलंगाचे भाग सुटे केले, खिडकीचे पडदे काढून घडी घालून ठेवले. ओळंबा सोडून भिंत पाहिली. एका कोपऱ्यात अर्धा इंच फुगलेली होती. त्यांनी खडूने खुणा केल्या, लोखंडी चॅनल कापून उभे ठोकले, दोन चॅनलमध्ये बरोबर दोन फूट अंतर. ड्रिल मशीनचा आवाज रिकाम्या खोलीत घुमत होता. दुपारी बारानंतर खोलीत उभं राहवत नसे. मग ते स्वयंपाकघरात फरशीवर पाणी शिंपडून बसत, तिथेच पोळी-भाजी खात, आणि चारला पुन्हा कामाला लागत. डायनिंग टेबल होतं. पण एका माणसासाठी एवढं टेबल कशाला, असं त्यांना वाटायचं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक बाई, हातात स्टीलचा गडू.

"मी इंदुताई, समोरच्या फ्लॅटमधली. मठ्ठा आणला आहे. एवढ्या उन्हात काम करून राहिले, म्हटलं द्यावा."

"कशाले त्रास घेतला."

"त्रास कसला! श्वेता सांगून गेली ना, घरी मिस्त्री राहणार आहे आठ दिवस, लक्ष ठेवा म्हणून." बाई हसल्या. "लक्ष काय ठेवायचं, तुमच्या मशीनने अख्ख्या बिल्डिंगला कळतं आहे. नाव काय तुमचं?"

वामनरावांनी गडू हातात घेतला. तोंडापर्यंत आलेलं ते म्हणालेच नाहीत.

"मिस्त्रीच म्हणा ना," ते म्हणाले. "सगळे तेच म्हणतात."

दार लावल्यावर त्यांनी मठ्ठा उभ्यानेच प्यायला. गडू घासून पालथा ठेवला. मिस्त्री. खोटं काय होतं त्यात? अडतीस वर्षं तेच तर होते ते. तरीही त्या संध्याकाळी त्यांच्याकडून चॅनलचा एक स्क्रू तिरका गेला. तो काढून दुसरा बसवायला त्यांना बराच वेळ लागला.

इंदुताई मग रोज पाचच्या सुमाराला येऊ लागल्या. कधी मठ्ठा, कधी पन्हं, कधी नुसत्याच. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहत आणि बोलत. पोस्टात नोकरी केली, यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात आहे, गुडघे दुखतात, पाण्याचा टँकरवाला फसवतो. वामनराव हातातलं काम चालू ठेवून "हाव", "बरोबर आहे", "मंग?" असं म्हणत. मौद्यात इतकं सलग त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. चौथ्या दिवशी साडेपाच वाजले तरी बेल वाजली नाही, तर ते दोनदा दाराकडे जाऊन आले. बाई पावणेसहाला आल्या तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची जरा लाजही वाटली.

"श्वेताच्या माहेरचं कोणी येत नाही हो कधी," त्या दिवशी इंदुताई बोलता बोलता म्हणाल्या. "आई गेली म्हणते. वडिलांचं काही बोलतच नाही ती. असतील की नाही कोण जाणे."

वामनराव चॅनलमध्ये रॉकवूलची पाटी बसवत होते. त्यांनी ती हलक्या हाताने दाबून बसवली, कडा नीट केल्या.

"असतीन कुठंतरी," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, काम अवघड होतं. लोकर भरून झाली होती, त्यामुळे दुपारीही खोलीत उभं राहवत होतं, पण आता वरून जिप्समचे बोर्ड ठोकायचे होते. एकेक बोर्ड सहा फुटांचा, वजनदार. एकाने धरायचा आणि दुसऱ्याने स्क्रू मारायचे, असं ते काम. वामनरावांनी फळीचा टेकू करून, खांदा लावून, कसाबसा पहिला बोर्ड चढवला. दुसरा उचलत होते तेवढ्यात बाहेर लिफ्टचा आवाज आला, मग इंदुताईंचा.

"अगं श्वेता, तू? आज कशी काय?"

"रितिकाच्या शाळेचे कागद राहिले, काकू. आज शेवटची तारीख आहे. देऊन लगेच परत जाते."

"बरं. तुझा मिस्त्री पण मोठा सज्जन माणूस आहे हो. पाच दिवस झाले, नाव विचारलं तरी सांगत नाही. कुठून मिळाला तुला?"

बोर्ड भिंतीला टेकवून वामनराव तसेच उभे राहिले. मग श्वेता म्हणाली, अगदी हळू, पण शब्द नीट ऐकू आले.

"काकू, ते माझे बाबा आहेत."

त्यानंतर इंदुताई काय म्हणाल्या ते कळलं नाही. त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. मग इकडचं कुलूप उघडलं.

श्वेता बेडरूमच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा उन्हाने लाल झाला होता. डोक्याचा स्कार्फ तिने काढला नव्हता.

"तुम्ही काहून नाही सांगितलं त्यांना?"

"तू मिस्त्री म्हणून सांगितलं होतं. म्हटलं, राहू दे तसंच."

"मी घाईत होते. नाही, घाईत नव्हते. बाबा येणार आहेत म्हटलं असतं, तर काकूंनी विचारलं असतं, इतकी वर्षं कुठे होते? मग काय सांगू? मलाच नाही माहीत काय सांगायचं ते."

"बरोबर आहे," वामनराव म्हणाले.

"काय बरोबर आहे, बाबा? तुम्ही नेहमी असंच म्हणता."

हातातला बोर्ड घसरत होता. श्वेताने तो पाहिला, पर्स खाली टाकली आणि पुढे झाली. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता, उघडे हात, आणि भिंतीत दोन चॅनलच्या मधून पिवळसर लोकर डोकावत होती.

"हात नको लावू!" वामनराव ओरडले. आवाज त्यांचा त्यांनाच मोठा वाटला.

श्वेता जागच्या जागी थांबली. क्षणभर ती इतकी लहान दिसली की वामनरावांना कळेना, ही कोण उभी आहे.

"हेच," ती म्हणाली. "लहानपणी तुमच्याबद्दल मला हेच आठवतं. बाकी काही नाही. हात नको लावू. मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा काय आणतात गं तुझ्यासाठी? आणि मला हेच आठवायचं."

"टोचते, बाई," वामनराव म्हणाले. "मले वाटे, तुले टोचन. एकदा टोचलं होतं. तुले आठवत नसन."

"नाही आठवत."

"लय रडली होती तू. रातभर."

मग तिने स्कार्फ काढला, तोच दोन्ही हातांना गुंडाळला, आणि बोर्डाखाली हात घातले.

"आईने सांगितलं होतं एकदा," ती म्हणाली. "मी कॉलेजमध्ये होते तेव्हा. पण तोवर... जाऊ द्या. कुठे धरू?"

"खालून. असं. आता वर कर थोडा. आणखी. बस."

वामनरावांनी स्क्रू मारले. तो बोर्ड झाला, मग तिसरा, मग चौथा. कामापुरतं ते दोघं बोलत होते. डावीकडे घ्या, कडा जुळली का, पेन्सिल द्या. वामनरावांना सांगायचं बरंच होतं. सिंगरौलीच्या खोलीत दोन पलंगांच्या मध्ये तिचा दहावीचा फोटो लावला होता, ते. लग्नात सासरी जाताना ती पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, आणि तेव्हाही हात अर्ध्यातून मागे घेतला होता, तेही. पण तोंडात स्क्रू धरलेले होते, आणि स्क्रू संपले की ते पुढचा बोर्ड उचलत. साडेतीनला श्वेताने घड्याळ पाहिलं, हात धुतले, कागद घेतले.

"शाळा बंद होईल. येते मी. सोमवारी येतोच सगळे."

"हातावर खोबरेल लाव," वामनराव म्हणाले.

त्या संध्याकाळी इंदुताई आल्या त्या चौकटीला टेकल्या नाहीत. पदर सावरून, सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "मला माफ करा हो. मी काय काय बोलून गेले. तुम्ही सांगायचं तरी." वामनराव म्हणाले, "तुम्ही काही वाईट नाही बोलल्या." पण बाई अवघडून गेल्या होत्या. त्यांनी पन्ह्याचा ग्लास टेबलावर ठेवला, जपून दोन वाक्यं बोलल्या आणि गेल्या. शनिवारी आल्या नाहीत. रविवारीही नाही. मिस्त्रीशी गुडघ्याचं, टँकरचं बोलता येतं. श्वेताच्या वडिलांशी काय बोलावं, हे त्यांना समजत नसावं.

वामनरावांनी सांध्यांवर पट्टी लावली, पुट्टी ओढली, घासली, दोन हात रंग दिला. स्विचबोर्ड पुढे ओढून घेतला. कपाट परत लावलं. फरशी ओल्या फडक्याने चार वेळा पुसली, खिडकीच्या जाळीतला एकेक धागा हुडकून काढला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, बाहेर ऊन फटफटीत असताना, त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. पन्नासपर्यंत मोजलं. मग मोजणं सोडून दिलं. भिंत नुसती भिंतीसारखी होती.

सोमवारी मंडळी आली. ऋषिकेशने एसी लावून पाहिला आणि पंधरा मिनिटांत खोली गार झाली तेव्हा तो खरोखर खूश झाला. "मामाजी, कमाल आहे! कंपनीवाल्यांनी पण असं केलं नसतं." रितिका नव्या भिंतीवर बोटाने टकटक करून "आतून आवाज वेगळा येतो" म्हणाली. वामनराव म्हणाले, "आत लोकर भरली आहे." ती म्हणाली, "मेंढीची?" ते म्हणाले, "दगडाची." ती हसत सुटली. दगडाला लोकर असते का कुठे!

"दोन दिवस राहा ना," श्वेता म्हणाली.

ते राहिले. पण काम नसलेल्या घरात काय करायचं हे त्यांना येत नव्हतं. मंगळवारी सकाळी त्यांनी गळका नळ दुरुस्त केला, बाल्कनीची कडी सरळ केली, पंख्याचा आवाज घालवला. ऋषिकेश बँकेत गेला होता, श्वेता लॅपटॉपवर कामाला बसली होती, रितिका टीव्हीपुढे. दुपारपर्यंत घरात नादुरुस्त असं काही उरलं नाही. बुधवारी सकाळी त्यांनी पिशवी भरली.

"जातो आता. घर बंद आहे तिकडे."

श्वेताने फार आग्रह केला नाही. पण चपला घालून ती खाली आली. ऑटोपर्यंत नव्हे, ऑटोत बसून थेट पारडी नाक्यापर्यंत. मौद्यावरून जाणाऱ्या भंडाऱ्याच्या बसला वेळ होता. दोघं एका टपरीच्या पत्र्याच्या सावलीत उभे राहिले. दहा वाजताच ऊन चटके देत होतं. श्वेता दोनदा काही बोलायला गेली आणि रस्त्याकडे पाहत राहिली. बस दिसली तेव्हा ती घाईने म्हणाली,

"बाबा, हॉलची पण एक भिंत आहे. ती पण तापते थोडी."

"ती दक्षिणेची आहे," वामनराव म्हणाले. "वरून छज्जा आहे तिच्यावर. तिले एवढं ऊन लागत नाही. काही गरज नाही."

"बरं," श्वेता म्हणाली.

बस आली, ते चढले, जागा मिळाली. खिडकीतून त्यांनी हात केला. तिनेही केला. बस हलली. कन्हानचा पूल गेला, रस्त्याच्या कडेची पळसाची झाडं गेली, आणि मौदा अजून थोडं लांब असताना वामनरावांच्या लक्षात आलं की तिने भिंतीचं विचारलं नव्हतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. बसमध्ये गाणी लावली होती, शेजारचा माणूस मोठमोठ्याने बोलत होता. त्यांनी तो परत ठेवला. घरी पोचले, कुलूप उघडलं. आठ-नऊ दिवसांची धूळ, माठ कोरडा. तो भरला, खाटेवर बसले. श्वेताला त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता. नंबर शोधायला वेळ लागला.

"पोचले का?" ती लगेच म्हणाली.

"पोचलो." पुढे काय बोलायचं हे त्यांनी बसमध्ये चारदा घोकलं होतं. "ते हॉलच्या भिंतीचं म्हणत होती तू. तापते ती. मले आता आठवलं. करून टाकू."

पलीकडे टीव्ही चालू होता.

"कधी येता?" श्वेता म्हणाली.

"तू सांगशीन तेव्हा."

"मी रविवारी सांगते. ऋषिकेशशी बोलून."

"हाव. सांग."

"ठेवते मग. जेवून घ्या."

फोन बंद झाल्यावर वामनराव उठले, आणि चूल पेटवायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन रविवार कोणत्या तारखेला आहे ते पाहिलं. मध्ये तीन दिवस होते. दुपार अजून पुरी व्हायची होती. बाहेर गल्लीत कोणी नव्हतं.